मेलेल्या माणसाने बांधलेलं घर

कोसेरे
२ फेब्रुवारी १९५५

ओमोलो दादा,

हे पत्र तुझ्या हातात असेल तर तू मेलेला नाहीस. इथे तू मेला आहेस. तुझ्या घराच्या उजव्या हाताला, पुरुषाला जिथे पुरतात तिथेच, आम्ही तुला पुरलं. प्रेत नव्हतं म्हणून यागोच्या झाडाचं एक लांब फळ तुझ्या सदऱ्यात गुंडाळून खड्ड्यात ठेवलं. सदरा मीच काढून दिला. माती टाकताना आई एकदाही रडली नाही, त्यावरून बायका कुजबुजल्या.

मी शिकवते त्या शाळेतून येईपर्यंत सगळं ठरून गेलं होतं. मुखिया ओलांग आपल्याच कुळातला म्हणून तोच सगळ्यांच्या पुढे. म्हणाला, "पोरगं बुडालं. होडी रिकामी न्यागुटो बेटाला लागली. आता त्याला बिनथडग्याचा भटकत ठेवायचा का?" म्हातारे माना हलवत होते. एकटे न्यांग्वेसो आजोबा म्हणाले, "इतकी घाई कशाची? सरोवर माणूस परत द्यायला वेळ घेतं." ओलांग हसला. "आजोबा, तुमच्या वयाला कशाचीच घाई नसते. आम्हाला पेरणी करायची आहे."

ज्या कोळ्यांनी होडी ओढून आणली त्यांना मी गाठलं. ते म्हणाले, होडी दक्षिणेच्या वाळूवर नीट ओढून ठेवलेली होती, शीड गुंडाळलेलं, दोन्ही वल्ही आत दोरीने बांधलेली. "तुझा भाऊ नीटनेटका होता गं," एक जण म्हणाला. बुडणारा माणूस वल्ही बांधून बुडतो का, असं विचारलं तर तो जाळं झटकायला लागला. जाळं कोरडंच होतं.

दोर्सिला वहिनी विधवेच्या रीतीने तुझा कोट घालून घरात बसून आहे. तिला कुणाच्या अंगणात पाऊल टाकता येत नाही, तिच्या हाताने बी जमिनीत पडत नाही, आणि ती पेरत नाही तोवर आईलाही पेरता येत नाही. कुळातल्या कुणी तिला आश्रयाला घेतलं की हे सगळं सुटेल. ओलांगने स्वतःचंच नाव पुढे केलं आहे. त्याच्या घरी आधीच चार बायका आहेत. तो म्हणतो, पेरणीच्या आत उरकू. काल मी वहिनीपुढे कुओनचं ताट ठेवलं तर तिने पिठाचा गोळा हातात घेतला आणि तसाच धरून बसली. तो थंड झाला तरी तिने तोंडाकडे नेला नाही.

तू जिवंत असलास तर ती विधवा नाही. माझं एवढंच म्हणणं आहे. त्यासाठी तुला फाटकातून आत यावं लागेल, सगळ्यांच्या देखत.

तू कुठे आहेस मला माहीत नाही. आपली माणसं पळून जातात ती किसुमूच्या रेल्वेत नाहीतर जिंजाच्या कारखान्यांत. म्हणून हे पत्र मी न्यार-सेमे म्हातारीकडे देते आहे. ती मासळी घेऊन दर आठवड्याला किसुमूला जाते. पत्र संपायच्या आधीच तिने पाकीट वास घेऊन पाहिलं. "मेलेल्याला पत्र? तुमच्या कॉलेजात हेही शिकवतात का?"

मी म्हटलं, "आजी, तो मेला नाही."

"मग उत्तर का देत नाही?"

"पत्र तर आत्ता लिहितेय."

"हं," म्हणाली आणि सुक्या ओमेना मासळीच्या टोपलीत तळाला पाकिटापुरती जागा केली. "सापडला तर देईन. नाही सापडला तर माझ्या चुलीला कागद बरा."

तू चौथीपर्यंतच शिकलास म्हणून मी सुटं सुटं आणि मोठं लिहिलं आहे. पुढचं तू माझ्यासाठी सोडलंस, हे मी विसरलेले नाही.

तुझी बहीण,
अविनो

*

कोसेरे
११ फेब्रुवारी

दादा,

मी न्यागुटोला जाऊन आले. तुझीच होडी नेली. बाई होडीत चढली की मासे पळतात म्हणे, पण मला मासे नको होते. दुपारचा वारा सुटायच्या आत जाऊन यायचं म्हणून उजाडताच निघाले. हात सोलून निघाले आहेत, म्हणून अक्षर असं आलंय.

दक्षिणेच्या वाळूवर काही नव्हतं. कोळी तिथूनच परत फिरले होते, कारण उत्तरेच्या झाडीत पाणघोडे असतात. मी उत्तरेला गेले. एक पाणघोडा खरंच होता, चिखलात कानांएवढाच दिसत होता. मी गुडघ्यांवर बसून सरकत त्याच्या मागून गेले. मिशनच्या बाईंनी मला तसं पाहिलं असतं तर पदवी परत मागितली असती.

झाडीत एक घर आहे.

घर म्हणजे काय, माझ्या कमरेला लागत नाही. चार काठ्या, वर गवत, पुढे दाराएवढी फट. त्यात शेळीही मावणार नाही. लांबून मलाही वाटलं, मासळी सुकवायचा मांडव असेल. मग त्याच्या उजव्या हाताला माती वर आलेली दिसली, आणि तिच्यावर दगड रचलेले.

तुला सांगायला नको. बिनघराचा माणूस मेला तर आपण आधी चार काठ्या उभ्या करतो, त्याला घर देतो, आणि मग त्या घराच्या उजवीकडे पुरतो. ज्याला नुसतं प्रेत लपवायचं असतं तो असं करत नाही, तो दगड बांधून पाण्यात सोडतो. ज्याने हे केलं त्याच्याकडे वेळ नव्हता, कारण गवत अर्धंच शाकारलेलं आहे. तरीसुद्धा परक्या बेटावर एका माणसाला घराशिवाय पुरणं त्याच्याने झालं नाही.

मी गाठी पाहिल्या. बाबा डावरे होते. त्यांनी तुला जाळ्याची गाठ उलटी शिकवली. कोसेरेच्या किनाऱ्यावर तशी गाठ मारणारा दुसरा कुणी नाही.

म्हणजे तू त्या दिवशी जिवंत बेटावर उतरलास. होडी वाळूवर ओढलीस आणि वल्ही बांधून ठेवलीस, कारण बाबांची होडी वाहून जाऊ देणं तुला जमलं नसतं. मग कुणाच्या तरी गलबतातून निघून गेलास. मी तिथे दगडांशेजारी बसून हसले, दादा. मला लाज वाटते, पण हसले. तू जिवंत आहेस म्हणून. आत कोण आहे हा विचार मला नंतर सुचला.

कोण आहे ते तू सांग.

परत आले तेव्हा किनाऱ्यावर ओलांगचे दोन शिपाई उभे होते. त्यांनी होडी माझ्या हातातून घेतली आणि सगळ्या होड्यांना साखळी घातली. रस्त्यावर दोर बांधला आहे. पलीकडच्या किनाऱ्यावर झोपेच्या रोगाची माशी आली म्हणून सरकारी हुकूम आहे, कुणी यायचं नाही, कुणी जायचं नाही. ओलांगची स्वतःची मासळीची होडी मात्र किसुमूला जाते. माशी बहुतेक ती होडी ओळखते. हे पत्र तिच्यातूनच येत आहे, न्यार-सेमेच्या टोपलीत.

शाळेतून घेतलेली माझी रजा सोमवारी संपते. मी इथे आहे.

अविनो

*

कोसेरे
२४ फेब्रुवारी

दादा,

तुझं उत्तर नाही. मी तोवर स्वस्थ बसले नाही, आणि त्याने काही बरं झालं असंही नाही.

मी जिल्ह्याच्या साहेबांना अर्ज लिहिला. बेटावर काय पाहिलं ते लिहिलं, होडीचं लिहिलं, बंदी खोटी आहे असं लिहिलं. मला वाटलं होतं, साहेब कायद्याने चालतात आणि नीट, तारखेसकट, शुद्ध इंग्रजीत लिहिलं की ते वाचतात. आज सकाळी ओलांग आपल्या अंगणात आला. आईने स्टूल दिलं. त्याने खिशातून माझाच अर्ज काढला.

"अविनो, माझी बाय," तो म्हणाला, "तुझं अक्षर साहेबांना फार आवडलं. त्यांनी वर लिहिलंय बघ, मुखियाने बघून घ्यावं. म्हणून मी बघायला आलो."

मी विचारलं, "बेटावर कोण पुरलंय?"

"कोळी. पूर्वीचा कुणीतरी."

"गवत हिरवं आहे अजून."

"सरोवराकाठी गवत हिरवंच असतं. कॉलेजात सांगितलं नाही का?"

आई तोवर शेंगा सोलत होती. मान वर न करता तिने विचारलं, "ओलांग, आपला ओबुरा कुठे गेला रे?"

ओबुराचं नाव ऐकलं आणि बेटावरची ती वर आलेली माती माझ्या डोळ्यांपुढे आली. मी शाळेत होते, मला काहीच माहीत नव्हतं. ओलांगच्या रस्त्याच्या वेठीला ओबुराने नकार दिला, शिपाई त्याला छावणीत घेऊन गेले आणि तू होडी घेऊन निघालास, हे सगळं एकाच दिवशी झालं, हे मला आईने आज, त्याच्या समोरच, पहिल्यांदा सांगितलं.

ओलांग म्हणाला, "ओबुरा? तो केरिचोला गेला. चहाची पानं खुडतोय. मीच चिठ्ठी दिली."

"त्याचं ब्लँकेट घरात आहे," आई म्हणाली. "अपोंडी काल उन्हात घालत होती. केरिचोला एवढी थंडी, आणि नवरा ब्लँकेट टाकून गेला?"

"गरिबाला घाई असते, काकू."

"हो ना. आणि मुखियालाही. माझ्या पोराला पुरायची."

तो उठला. जाताना त्याने मला फाटकापर्यंत यायची खूण केली आणि अगदी सावकाश, एखाद्या लहान मुलीला गणित समजावावं तसं बोलला. "समज, तुझा भाऊ कुठे असला. समज, तो आला. कुठून येणार? ह्या फाटकातून? इथून तो मयत म्हणून गेलाय. आत त्याचं थडगं आहे, त्याची बायको त्याच्या सुतकात आहे. तो उभा राहिला तर लोक पळतील. बोलला तर कान झाकतील. पंचांपुढे मेलेल्याची साक्ष होत नाही, पोरी. मी फळ पुरलं नाही, मी तोंड पुरलंय."

शेवटचं वाक्य तो म्हणाला नाही, दादा. ते मी त्याच्या चेहऱ्यावर वाचलं. मी इथे तुला खरंच सांगायला हवं, म्हणून हेही सांगते.

वहिनीसाठी त्याने पुढच्या बाजारानंतरचा दिवस ठरवला आहे. तिने आज पहिल्यांदा मला काही विचारलं. "तो जिवंत आहे हे तुला नक्की माहीत आहे, की तुला तसं हवंय?" मी म्हटलं, नक्की. ती म्हणाली, "मग मला आधी का सांगितलं नाहीस? मी महिनाभर त्याला रडतेय."

अपोंडीला मी अजून काही बोललेले नाही. ती दारासमोरून जाते तेव्हा मी आत जाते.

लवकर ये. आता हे फक्त वहिनीपुरतं नाही. ओबुराला कुणी मारलं ते तू पाहिलं असशील. दोन्हीला तूच लागतोस.

अविनो

*

कोसेरे
४ मार्च

ओमोलो,

न्यार-सेमे काल आली. किसुमूत विचारत विचारत ती जिंजापर्यंत गेली होती. तू जिंजाला आहेस, गोणी वाहतोस, तुझी दाढी वाढली आहे, हे तिने सांगितलं. तुझा निरोपही सांगितला. "फळ पुरलं ते बरोबर केलं, असं घरी सांग. मी मेलोय." एवढंच म्हणून तू पुन्हा गोणी उचलायला गेलास.

दुसरं कुणी असतं तर निघून आलं असतं. ती तुझ्यासमोर टोपली पालथी घालून बसली. म्हणे, मुकादम तिला हाकलायला आला, तर तिने त्याला मासळी विकली. संध्याकाळपर्यंत बसली आणि मग तू तिच्याशेजारी येऊन बसलास.

तिने सगळं सांगितलं. ती माझ्यासारखी गोल गोल बोलत नाही.

छावणीतून चटईत गुंडाळलेला ओबुरा तुझ्या होडीत ठेवला. ओलांग म्हणाला, खोल पाण्यात सोड, नाहीतर तुझ्या आईचं घर जाळतो. तू निघालास. मध्यावर आलास तेव्हा चटई हलली. तो जिवंत होता. डाव्या हाताला मिशनच्या दवाखान्याचं पत्र्याचं छप्पर चमकत होतं. तू होडी वळवली नाहीस. तू गायला लागलास. वल्हवताना म्हणतो ते गाणं, मोठ्याने, घसा फाटेपर्यंत, म्हणजे त्याचा आवाज तुला ऐकू येऊ नये. बेटावर पोहोचलास तेव्हा तो गेला होता.

मी हे ऐकलं आणि म्हातारीवर ओरडले. तू खोटं सांगतेस म्हटलं. ती म्हणाली, "बाई, मला मासळीचेच पैसे मिळतात, गोष्टींचे नाही."

आज सकाळपासून मी हे पत्र चार वेळा सुरू केलं आहे. पहिल्यात मी तुला क्षमा केली होती. ते मी फाडलं, क्षमा करणारी मी कोण? दुसऱ्यात तुझं नाव घेतलं नव्हतं. माझ्या डोक्यात तू साक्षीदार होतास. मी मनात तुला पंचांपुढे उभं केलं होतं, तू बोलत होतास आणि ओलांग खाली बघत होता. त्या चित्रात तू खाली बघत नव्हतास.

दवाखाना तिथेच होता, दादा. वाराही तिकडेच नेणारा होता.

पण तू त्याला पाण्यात सोडलं नाहीस, हेही मी पाहून आले आहे. ह्या दोन गोष्टी मला एकत्र ठेवता येत नाहीत. वेगळ्याही करता येत नाहीत.

बाहेर शिपाई बसला आहे. आता तो रोज असतो, आपल्या ओट्याच्या सावलीत. आई त्याला पाणी देते आणि त्याच्या आईची चौकशी करते. शाळेकडून निरोप आला की माझ्या जागी दुसरी घेतली. वहिनीचा दिवस परवावर आहे. ती म्हणते, "तो येणार नाही ना?" मी म्हटलं, "नाही येत म्हणाला." तिने कोटाची बटणं लावली, वरपासून खालपर्यंत.

आता अपोंडीकडे जाते. तिला सगळं सांगणार आहे, चटईचंही आणि गाण्याचंही. तुझं नाव वाचवून सांगता येईल अशी जागा मी शोधली. नाही सापडली.

अ.

*

कोसेरे
२३ मार्च

दादा,

सांगितलं. अपोंडी ऐकत असताना तिच्या मांडीवरचं पोर झोपलं, म्हणून ती शेवटपर्यंत हलली नाही. नंतर तिने पोर माझ्या हातात दिलं, अंगणाच्या मधोमध गेली आणि हंबरडा फोडला.

तो ऐकला की जो असेल तिथून निघतो, हे ओलांग विसरला होता. त्याने रस्ता अडवला, होड्या अडवल्या, पण रडण्याला दोर बांधता येत नाही. बायका शेतातून आल्या, चुलीवरचं तसंच टाकून आल्या. कोण गेलं? ओबुरा. कुठे आहे? न्यागुटोवर. मग तिथे जायला हवं, एवढं सगळ्यांना ठाऊक होतं. माझ्या सगळ्या अर्जात हे एवढं वाक्य नव्हतं.

किनाऱ्यावर शिपायाने बंदूक आडवी धरली. त्याची स्वतःची आत्या पुढे होती. "हो बाजूला. तुझी आजी गेली तेव्हा ह्याच अपोंडीने तीन दिवस पाणी भरलं, आणि तू तिला अडवतोस?"

"आत्या, हुकूम आहे. माशी आहे."

न्यार-सेमे म्हणाली, "रडणाऱ्या बाईला माशी चावत नाही रे. चाव्याचं औषध तिच्या डोळ्यांतच असतं."

तो बाजूला झाला. साखळी न घातलेली होडी एकच होती, ओलांगची. बायका तिच्यात बसल्या. मी बसले, आई बसली. वहिनीला कुणाच्या दारात जायची मुभा नाही, पण सरोवर कुणाचं दार नाही, असं म्हणून तीही बसली. तेवढ्यात ओलांग धावत आला, टोपी हातात.

न्यांग्वेसो आजोबा होडीच्या टोकाशी उभे होते. त्यांनी त्याला रागाने नाही, अगदी मानाने हाक मारली. "ये ओलांग. तू कुळाचा मोठा. पुढे तुझीच जागा आहे, आम्ही ठेवली आहे. पहिली माती तुझी."

सगळे सरकले. पुढची फळी रिकामी होती.

ओलांगने एक पाऊल पाण्यात टाकलं. मला वाटलं, बसतोय. ज्याच्या हातून माणूस गेला त्याने त्या माणसाच्या थडग्याशी उभं राहिलं तर काय होतं, तुला माहीत आहे. अंग वाळत जातं, घरातलं एकेक पोर गळत जातं. तो साहेबांसारखे बूट घालतो, चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसतो. तो त्या पाण्यात उभा राहिला. बुटात पाणी भरलं. बायकांनी रडणं थांबवलं होतं.

"मला ताप आहे," तो म्हणाला.

"माशी चावली असेल," न्यार-सेमे म्हणाली. आजोबांनी वल्ही मारायची खूण केली.

वहिनीने ते घर पाहिलं आणि गाठींवरून बोट फिरवलं. आजोबा वाकून बराच वेळ बघत राहिले. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "ओबुराला ज्या सकाळी नेलं त्याच सकाळी ओमोलो निघाला. हे घर त्यानंतरचं. मेलेला माणूस दुसऱ्याचं घर बांधत नाही." तिथे कुणी वाद घातला नाही. परतल्यावर वहिनीने कोट काढला, धुतला आणि कुंपणावर वाळत घातला. दुसऱ्या दिवशी तिने पेरलं. ओलांगकडून कुणी काही विचारायला आलं नाही.

एवढंच सुटलं. बाकीचं आहे तसंच आहे. ओलांग अजून मुखिया आहे. तो साहेबांकडे जाऊन आला. साहेब म्हणतात, ताप येणं हा गुन्हा नाही, डोळ्यांनी पाहिलेला माणूस आणा. माझ्या ओट्यावर आता दोन शिपाई असतात. मला बाजाराला जाता येत नाही, शाळा नाही, आणि आपल्या लोकांतही काही बायका मी आले की मुलांना आत घेतात, कारण मी अपोंडीला जे सांगितलं ते बहिणीने सांगायला नको होतं असं त्यांना वाटतं. त्या बरोबर असतील.

वहिनी आता विधवा नाही. बायको आहे की नाही, ते तिला माहीत नाही. ती म्हणाली, "त्याला लिही, माझ्यासाठी येऊ नकोस. आलास तर मी दार उघडीन असं मी म्हणत नाही."

फळाचं आजोबांना विचारलं. ते म्हणाले, पुरलं ते पुरलं, उकरायचं नाही. पण तो फाटकातून गेलेला आहे, तेव्हा त्याने फाटकातून येऊ नये, कुंपणाला दुसरी वाट करा. आईने स्वतः कोयता घेतला आणि तुझ्या घरामागचं शेराचं कुंपण माणूसभर तोडलं. चिकाने तिचे हात भाजले आहेत. आता तिथून शेजारच्या शेळ्या येतात आणि नवी ज्वारी खातात, म्हणून ती दिवसभर त्या फटीत काठी घेऊन बसते.

तू आलास तर काय होईल ते मी तुला गोड करून सांगणार नाही. साहेब तुलाही धरतील. पंच तुला दवाखान्याचं विचारतील. ओलांग म्हणेल, मी प्रेत दिलं होतं, जिवंत तो होडीत झाला आणि होडीतच मेला.

अपोंडी रोज येते आणि आईशेजारी त्या फटीत बसते. तिला ओलांगचं काही विचारायचं नाही. काल म्हणाली, "तो गायला लागला, त्याच्या आधी ओबुरा काहीतरी बोलला असेल. एखादा शब्द. तेवढा मला हवाय."

मी म्हटलं, दादाला ऐकू आलं नसेल.

ती म्हणाली, "ऐकू आलं, म्हणून तर गायला लागला."

अविनो